लाल गोळा टवटवीत, खोड सडलेलं: एका मून कॅक्टसचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे झाड ज्यांचं, त्यांना इथे ताई म्हटलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ताईंना मून कॅक्टस भेट मिळाला होता. तळहातावर मावेल अशी रंगवलेली कुंडी, तिच्यात बोटभर उंचीचं तिधारी हिरवं खोड आणि खोडाच्या माथ्यावर लालभडक, कंगोरेदार गोळा. गोळ्याच्या कडेला करंगळीच्या टोकाएवढी तीन-चार पिल्लं. मातीवर पांढरे खडे, तेही डिंकासारख्या कशाने तरी एकमेकांना चिकटवलेले.

दिसायला हे एकच झाड, पण असतात दोन. वरचा गोळा जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या निवडुंगाचा. त्याचं रानातलं रूप पराग्वे आणि आसपासच्या चाको प्रदेशात झुडपांच्या आडोशाला वाढतं आणि रंगाने राखाडी-हिरवट, तपकिरी असतं. १९४१ मध्ये जपानमधले रोपवाटिकाकार इजी वातानाबे यांना या निवडुंगाच्या रोपांमध्ये लाल रोपं आढळली. त्यांच्यात हरितद्रव्य नव्हतं, त्यामुळे एरवी हिरव्याखाली झाकलेली बीटालेन रंगद्रव्यं उघडी पडली होती. बीटाचा लाल रंगही याच गटातल्या द्रव्याचा. हरितद्रव्य नाही म्हणजे स्वतःचं अन्न तयार करण्याची सोय नाही. बियातला साठा संपला की असं रोप मरून जातं. वातानाबे यांनी ती रोपं हिरव्या निवडुंगावर कलम करून जगवली. आज कुंड्याकुंड्यांत दिसणारे लाल, पिवळे, केशरी, गुलाबी गोळे याच पद्धतीने जगतात. खाली खुंट म्हणून बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचा तुकडा असतो.

हा जोडीदार निवडण्यामागे कारण आहे. ड्रॅगन फ्रूट झपाट्याने वाढतो, लगेच मुळं धरतो आणि कलम पटकन स्वीकारतो. मात्र त्याला थंडी सोसत नाही. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की तो कुरकुरायला लागतो. लहान कुंडीतला, छाटलेला, एकाच तुकड्याचा खुंट असेल तर तो काही वर्षांतच थकतो. मून कॅक्टस अल्पायुषी म्हणून ओळखला जातो तो मुख्यतः या खुंटामुळे. वरचा गोळा पुन्हापुन्हा नव्या खुंटावर नेला तर बराच काळ जगू शकतो.

ताईंना यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. लाल गोळ्याला कडक ऊन लागलं की चट्टे पडतात, एवढं त्यांनी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. म्हणून त्यांनी कुंडी खिडकीपासून दूर, खोलीच्या आतल्या कपाटावर ठेवली. पाणी चमच्याने, दर दोन-तीन दिवसांनी. रंग खुलावा म्हणून अधूनमधून पातळ खतही. पहिले काही महिने सगळं छान दिसत होतं.

अडचण

हिवाळा संपता संपता ताईंनी फोटो पाठवला. गोळा उत्तम होता, फुगीर आणि चकचकीत. त्यांची शंका वेगळीच होती: खोडाचा खालचा भाग पिवळट-तपकिरी झालाय, हे वयामुळे असेल ना?

प्रश्न रास्त होता. जुन्या निवडुंगाचं खोड बुंध्याशी खरोखरच तपकिरी होतं. साल कोरडी, टणक, बुचासारखी होत जाते आणि त्यात काळजीचं काही नसतं. फोटोत मात्र हे टणक तपकिरीपण आणि कुजण्याचं तपकिरीपण सारखंच दिसतं. इथे डोळ्यांपेक्षा अंगठा उपयोगी पडतो. ताईंना खोड तिन्ही बाजूंनी हलकंच दाबून बघायला सांगितलं. दोन बाजू घट्ट लागल्या. तिसऱ्या बाजूला साल आत गेली आणि ओलसर वाटली.

कुंडी आमच्याकडे आल्यावर बाकीचं चित्र स्पष्ट झालं. कुंडीला तळाला भोकच नव्हतं. चिकटवलेल्या खड्यांमुळे वरून माती कोरडी आहे की ओली, हे कळायला मार्ग नव्हता. पाणी खड्यांच्या कडेने खाली उतरून तळाशी साचत होतं. खडे उचकटले, तेव्हा खालचं मिश्रण चिखलासारखं होतं आणि त्याला कुबट वास येत होता. मुळांपैकी पांढरी, जिवंत अशी अगदी मोजकी उरली होती.

पाणी हे कारण उघड आहे, पण मला या प्रकरणात प्रकाशाचा वाटा तेवढाच मोठा वाटतो. गोळ्याला आडोसा हवा असतो आणि खुंटाला भरपूर उजेड. दोघांसाठी अन्न बनवणारा एकटा खुंट. ताईंनी काळजी घेतली ती गोळ्याची. त्या काळजीने खुंट उपाशी राहिला. कमी उजेडातला खुंट पाणीही कमी ओढतो, म्हणजे माती आणखी जास्त वेळ ओली राहते. दोन्ही गोष्टी एकमेकींना वाढवत गेल्या. आणि हे सगळं चालू असताना गोळा मात्र आपल्या साठ्यावर टुमटुमीत होता. त्याच्या अंगात पाणी साठवण्याची ताकद इतकी, की खालचं खोड निम्मं गेलं तरी वर पत्ता लागत नाही. ताई रोज झाडाकडे बघत होत्या, पण ज्या भागात बिघाड दिसला असता तो बघायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पर्याय

पहिला विचार आला तो पाणी बंद करून वाट बघण्याचा. मुळं नुसती भिजली असती तर हाच मार्ग योग्य ठरला असता: कुंडीतून काढायचं, मुळं सुकू द्यायची, कोरड्या मिश्रणात लावायचं. पण कूज खोडात शिरली होती. खोडात शिरलेली बुरशी माती सुकवल्याने थांबत नाही, ती रसवाहिन्यांतून वर चढते. वाट बघण्याच्या बाजूने एकच मुद्दा होता आणि तो वजनदार होता. थंडी पूर्ण सरली नव्हती. निवडुंगाचं कलम जोमदार वाढीच्या उबदार दिवसांत चांगलं जुळतं. तीन-चार आठवडे काढता आले असते तर हंगाम आपल्या बाजूने झाला असता.

ताईंनी स्वतः सुचवलेला पर्याय असा, की गोळा कापून थेट मातीत लावायचा. पुष्कळांच्या मनात हे येतं, कारण बाकीच्या निवडुंगांची पिल्लं अशीच लागतात. पूर्ण लाल गोळ्याच्या बाबतीत याचा उपयोग नाही. तो साठ्यावर काही काळ तग धरेल, ‘लागला’ असंही वाटेल, आणि मग आक्रसत जाईल. याला एक अपवाद आहे. काही रोपांत लाल रंगाबरोबर हिरवट-तपकिरी पट्टे किंवा ठिपके असतात, म्हणजे थोडं हरितद्रव्य शिल्लक असतं. अशी रोपं स्वतःच्या मुळांवर सावकाश जगू शकतात. म्हणून आम्ही गोळा भिंगाखाली फिरवून पाहिला, पिल्लांच्या सांध्यांपर्यंत. हिरवा ठिपका कुठेही नव्हता.

तिसरा मार्ग मधला होता. खोडाचा कुजका भाग छाटायचा, निरोगी भाग गोळ्यासकट सुकवायचा आणि त्याला पुन्हा मुळं फोडायची. खुंट लांब असेल तर हा सगळ्यांत कमी धोक्याचा उपाय, कारण सांध्याला, म्हणजे गोळा आणि खुंट जिथे जुळलेत त्या जागेला, हात लावावा लागत नाही. इथे खोडच बोटभर होतं, त्यामुळे निकाल कूज किती वर गेली आहे यावर ठरणार होता.

चौथा मार्ग म्हणजे नवं कलम.

झाड टाकून नवं आणणं हाही पर्याय आम्ही ताईंसमोर ठेवला, आणि मनापासून ठेवला. कलम करायला खुंट, वेळ आणि थोडी हिंमत लागते. ते सगळ्यांकडे असेलच असं नाही. ताईंचं म्हणणं पडलं की भोक नसलेली कुंडी आणि आतलं कपाट बदललं नाही तर नव्या झाडाचंही हेच होईल, मग आहे तेच वाचवून शिकलेलं काय वाईट? हा मुद्दा मला पटला.

निर्णय आणि कृती

पहिला छेद कूज दिसत होती त्याच्या अर्धा इंच वर घेतला. ब्लेड स्पिरिटने पुसलेलं, आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसायचं. हे पाळलं नाही तर ब्लेडच बुरशी वर नेतं.

कापलेला भाग वरवर स्वच्छ दिसत होता: फिकट हिरवा, बुळबुळीत गर आणि मधोमध रसवाहिन्यांचं बारीक कडं. नीट उजेडात धरल्यावर त्या कड्याच्या एका बाजूला गंजासारखा एक तपकिरी ठिपका दिसला, टाचणीच्या डोक्याएवढा. अशा ठिपक्यामागे अनेकदा फ्युजेरियमसारखी बुरशी असते. तो तसाच ठेवून खोड सुकवलं असतं तर वरून सगळं बरं दिसलं असतं आणि काही आठवड्यांत सांध्यापाशी खोड मऊ पडलं असतं. पुन्हा काप घेतला, ठिपका होताच. आणखी वर, तरीही होता. शेवटी सांध्याच्या जेमतेम खाली पोहोचलो. तिथे खोड उरलं होतं नखाएवढं आणि ठिपका फिका झाला होता, गेला नव्हता. मधला मार्ग इथे संपला आणि हंगामाची वाट बघण्याचा प्रश्नही सुटला. गोळा सांध्याच्या वरून कापला. आतला गर सगळा लाल आणि डाग कुठेही नाही, हे बघून हायसं वाटलं.

खुंट कुठला घ्यायचा, यावर सगळ्यांत जास्त चर्चा झाली. हाताशी मुळं धरलेले ड्रॅगन फ्रूटचे तुकडे होते आणि सेरियस या खांबासारख्या उभ्या वाढणाऱ्या निवडुंगाची दोन कोवळी रोपं. सेरियस सावकाश वाढतो, पण दणकट असतो, थंडी अधिक सोसतो आणि खुंट म्हणून जास्त वर्षं टिकतो. ताईंना साहजिकच मोठा गोळा टिकाऊ खुंटावर हवा होता. आम्ही उलटं सुचवलं. मोठ्या गोळ्याच्या बुडाचा भाग जून झाला होता आणि जून पेशी जुळायला वेळ घेतात; त्यांना रसरशीत, झपाट्याने काम करणारा खुंट लागतो. तो ड्रॅगन फ्रूट. पिल्लं कोवळी होती, ती सेरियसवरही जुळण्याची शक्यता चांगली होती, आणि पुढची बरीच वर्षं त्यांचीच होती. त्यामुळे मोठा गोळा ड्रॅगन फ्रूटवर आणि दोन पिल्लं सेरियसवर, असं ठरलं. उरलेली पिल्लं गोळ्यालाच राहू दिली.

कलम बांधण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यात दोन जागा अशा आहेत जिथे काम फसतं. एक म्हणजे खुंटाच्या कडा. खुंट आडवा कापल्यावर त्याचा गर सुकून आत बसतो आणि बाहेरची साल तशीच ताठ राहते. मग वाटीसारखा खोलगटपणा येऊन गोळा वर उचलला जातो. म्हणून तिन्ही धारांचे कोपरे तिरके छाटायचे. दुसरी जागा म्हणजे रसवाहिन्यांची कडी. खुंटाचं कडं आणि गोळ्याचं कडं निदान काही भागात एकमेकांवर आलं पाहिजे. दोन्हींचा आकार वेगळा असतो, त्यामुळे गोळा बरोबर मध्यावर बसवला की दिसायला सुबक दिसतो, पण लहान कडं मोठ्या कड्याच्या पोटात पडतं आणि कुठेच शिवत नाही. अशा वेळी गोळा मुद्दाम थोडा बाजूला सरकवावा लागतो. खुंटावर शेवटची पातळ चकती कापून तशीच झाकून ठेवायची, गोळा तयार झाला की ती सरकवून टाकायची, म्हणजे काप कोरडा पडत नाही. मग गोळा दाबून, किंचित फिरवून आतली हवा काढायची आणि कुंडीच्या तळावरून दोन रबरबँड आडवे-उभे घालायचे. गोळा हलू नये इतका ताण पुरे. रबर गरात रुतायला नको.

तिन्ही कुंड्या उबदार, उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवल्या. सांध्यावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, एवढी ताकीद.

निकाल

मोठा गोळा पहिल्या खेपेला जुळला नाही. आठवडाभराने रबर काढलं तेव्हा तो ढकलताच सरकला. ड्रॅगन फ्रूटचा गर इतका बुळबुळीत असतो की गोळा घसरून कडी सुटली होती. दोन्ही बाजूंची पातळ चकती काढून त्याच दिवशी पुन्हा बांधला, या वेळी रबराखाली कापसाची लहान घडी ठेवून. गोळा त्यानंतर चांगलाच सुरकुतला. ताई घाबरल्या, त्यांना वाटलं, गेला. नव्या कलमात वरच्या भागाने सुरुवातीला साठा वापरणं स्वाभाविक असतं. बघायचं ते पुढे सुरकुत्या वाढतात की थांबतात. इथे त्या थांबल्या, मग हळूहळू भरून आल्या आणि माथ्यावर नवे, फिकट काटे दिसू लागले. हे काटे दिसले की कलम जुळलं असं खात्रीने म्हणता येतं.

सेरियसवरच्या दोन पिल्लांपैकी एक सुकून गळून पडलं. ते फारच लहान होतं आणि थंड दिवसांत सेरियसची वाढही मंद होती. दुसऱ्याने जीव धरला. कित्येक आठवडे ते तेवढंच राहिलं, पुढे ऊब वाढल्यावर एकदम फुगलं.

पुढचा पेच प्रकाशाचा होता. कुंड्या ताईंकडे परत गेल्या त्या पूर्वेच्या खिडकीजवळ. सकाळचं कोवळं ऊन मिळत होतं, खुंट गडद हिरवे आणि टणक झाले. पण उन्हाळा चढला तसा मोठ्या गोळ्याची खिडकीकडची बाजू फिकट, केशरटसर पडली. ताईंची पहिली प्रतिक्रिया म्हणजे कुंडी पुन्हा आत नेणं, आणि ते झालं असतं तर सगळं मूळपदावर आलं असतं. त्याऐवजी कुंडी तिथेच ठेवून खिडकीला पातळ पडदा लावला. खुंटाला उजेड मिळत राहिला, गोळ्यावरचा ताप कमी झाला. फिकट पडलेला भाग पुन्हा पूर्ण लाल झाला नाही. नवी वाढ मात्र भरदार रंगाची आली.

याच सुमारास ड्रॅगन फ्रूटच्या धारेवर, काट्यांच्या गादीतून हिरवा कोंब फुटला. ताईंना तो ठेवायचा होता, झाडाला पालवी फुटली म्हणून. असा कोंब ठेवला तर खुंट आपली ताकद स्वतःच्या फांदीला देतो आणि गोळा मागे पडतो. कोंब लहान असतानाच काढला.

आता पाणी भोकाच्या कुंडीत, जाड वाळू आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) भरपूर असलेल्या मिश्रणात दिलं जातं, आणि ते मिश्रण तळापर्यंत कोरडं झाल्यावरच. वारावर पाणी देणं ताईंनी बंद केलं आहे. त्या बारीक काडी तळापर्यंत खुपसून बघतात.

काय वेगळं करता आलं असतं

झाड घरात आलं त्याच आठवड्यात कुंडीतून काढलं असतं तर यातलं बहुतेक टळलं असतं. चिकटवलेले खडे आणि भोक नसलेली कुंडी ही विक्रीच्या मांडणीची सोय असते. झाड त्यात दीर्घकाळ राहावं असा हेतूच नसतो. नवीन झाडाला लगेच हात लावू नये हा सल्ला इतर झाडांना लागू पडतो. मून कॅक्टसच्या बाबतीत मी तो मानत नाही.

पिल्लं निरोगी असताना, भर उबदार हंगामात एक-दोन कलमं बाजूला करून ठेवता आली असती. तेव्हा घाई नसते, खुंट निवडता येतो आणि एखादं फसलं तरी मूळ झाड उभं असतं. इथे सगळंच एकदम, चुकीच्या ऋतूत करावं लागलं, आणि गळून पडलेलं पिल्लू बहुधा त्याचीच किंमत होती. ते लहान पिल्लू तेव्हा न काढता गोळ्यालाच ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

मोठ्या गोळ्याच्या खुंटाची निवड आजही वादाची आहे. तो गोळा वाचला तो ड्रॅगन फ्रूटमुळे, पण त्याच कारणाने काही वर्षांत त्याला पुन्हा खुंट बदलावा लागणार. थेट सेरियसवर बांधून नशीब अजमावायला हवं होतं असं म्हणणारे भेटतील. दोनदा बांधूनही जो गोळा जेमतेम जुळला, तो मंद खुंटावर तगला असता असं मला वाटत नाही.

खोड दाबून बघणं ताईंनी महिन्याच्या कामांत घातलं आहे: तिन्ही बाजू, बुंध्यापासून सांध्यापर्यंत. मोठ्या गोळ्याला नवी पिल्लं आली आहेत. ती नखाएवढी झाली की पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यातली दोन सेरियसवर चढवायची आहेत, आणि त्यासाठीचे खुंट ताईंनी आताच वेगळ्या कुंड्यांत लावून ठेवले आहेत.